नव्या टॅटूची खाज आणि आपली नखं
टॅटू काढून चार-पाच दिवस झाले की पापुद्रे सुटायला लागतात आणि खाज अक्षरशः जीव खाते. तरी नखं लावू नका. खपली ओढली की खालची शाईही निघते आणि रेघ तुटक दिसते. साबणाने हात धुऊन तळव्याने हलकेच थोपटा, नाहीतर स्वच्छ सुती रुमालात गुंडाळलेला बर्फ दोन-चार मिनिटं वर धरा. बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, पण अगदी पातळ. थापलं तर जखम ओली राहते. हळद, पावडर वगैरे घरगुती प्रेम इथे नको. झोपेत खाजवायची सवय असेल, तर नखं आधीच कापा. लाली पसरली, पू आला किंवा ताप भरला, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. लाल शाईची ॲलर्जी त्यातल्या त्यात जास्त दिसते.