ॲडव्हान्स्ड इंग्लिशच्या वर्गात बातम्या वापरताय? या चुका टाळा

ॲडव्हान्स्ड बॅचला पुस्तक पुरत नाही, हे खरंय. मग काय करतात, तर सकाळी मोबाईलवर एखादी ताजी बातमी उघडायची, प्रिंट काढायची आणि वर्गात जाऊन वाचायला लावायची. नवीन शिक्षकांचे तास बघायला बसते तेव्हा दर वेळी तेच दिसतं, आणि खूप वाईट वाटतं कारण बातमीसारखं चांगलं साहित्य दुसरं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंग्लिशच्या तासाला बातमी शिकवत बसणं. ही मी स्वतः केलीये म्हणून सविस्तर सांगते. 15 जानेवारी 2019 ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याचा करार, 432 विरुद्ध 202 मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी माझी आठ जणांची सी-वन, म्हणजे ॲडव्हान्स्ड लेव्हलची, बॅच होती, मी उत्साहाने दोन पानी लेख घेऊन गेले. पहिल्याच परिच्छेदात एकाने विचारलं, बॅकस्टॉप म्हणजे काय? मी बोर्डवर आयर्लंडचा नकाशा काढला, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आणि खालचा आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, मग मधल्या सीमेवर तपासणी नको म्हणून ही तरतूद, मग ती काहींना का नको होती, मग बॅकबेंचर कोण, व्हिप काय करतो, असं करत करत तास संपला. मला वाटलं झक्कास झाला. एक विद्यार्थिनी लिसनिंगच्या सरावासाठी माझे तास रेकॉर्ड करायची, तिने ती फाईल मला पाठवली आणि मी रात्री घड्याळ लावून ऐकली. नव्वद मिनिटांतली बासष्ट मिनिटं मीच बोलत होते. आठ जण मिळून दहा मिनिटंसुद्धा बोलले नव्हते, आणि त्यातलंही बरंचसं "ओके" आणि "आय सी".

तेव्हापासून माझा नियम एकच. पार्श्वभूमी तीन वाक्यांत सांगता आली नाही तर तो लेख न्यायचा नाही, मग तो कितीही गाजत असो. आणि न्यायचाच असेल तर आदल्या दिवशी एकाला बॅकस्टॉप, दुसऱ्याला व्हिप असं वाटून द्यायचं, वर्गात त्यांनी इतरांना समजावायचं. अडखळतात, चुकतं, एकमेकांना प्रश्न विचारतात. तेच तर हवंय.

याच्याच पोटात दुसरी चूक, अवघड शब्दांची यादी. बॅकस्टॉप पाठ करून पुढे कुठे वापरणार? शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला होता की वर्तमानपत्रातले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला साधारण 8 ते 9 हजार वर्ड फॅमिलीज (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक) लागतात. रोजच्या दहा शब्दांच्या यादीने तिथवर जायला किती वर्षं लागतील बघा. त्यापेक्षा उद्याच्या कुठल्याही बातमीत पुन्हा भेटतील अशा जोड्या उचला: सफर अ डिफीट, व्होट डाउन, रूल आउट, अंडर माउंटिंग प्रेशर. आणि क्रियापदं! सेड, क्लेम्ड, इन्सिस्टेड, अ‍ॅडमिटेड. एकच माणूस एकच गोष्ट बोलतो, एक पेपर सेड लिहितो, दुसरा अ‍ॅडमिटेड लिहितो, आणि दुसऱ्यात तो वाचायला लागल्यापासूनच गुन्हेगार वाटतो. हे दोन लेख शेजारी ठेवून दाखवलं की पोरं स्वतःहून शोधायला लागतात.

हेडलाइनचं व्याकरण न सांगणं ही छोटी वाटते पण महागात पडते. तिथे झालेली गोष्ट वर्तमानकाळात असते, आर्टिकल गळतात, भविष्यासाठी नुसतं 'टू' येतं. न सांगता रोज हेडलाइन्स वाचायला दिल्या की निबंधात 'गव्हर्नमेंट टू कट टॅक्सेस' असं वाक्य येतं. पाच मिनिटं द्या, हेडलाइनचं पूर्ण वाक्य करून घ्या.

सोपी केलेली बातमी या लेव्हलला देऊ नका. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओने 1959 मध्ये स्पेशल इंग्लिश, म्हणजे साधारण दीड हजार शब्दांतल्या सोप्या बातम्या, सुरू केलं, ते काम फार मोलाचं होतं, पण ते शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी. सी-वनच्या माणसाला मूळ लेखाचे दोन परिच्छेद द्या, पण मूळचेच द्या.

आता कल्चर. कल्चर म्हणजे सणांचे फोटो आणि लंडनची लाल बस, असं अजूनही चालतं, आणि ॲडव्हान्स्ड विद्यार्थ्याला यातून काहीच मिळत नाही. त्याला हवं ते शब्दांच्या आत लपलेलं असतं. टेबल हे साधं क्रियापद घ्या. ब्रिटनमध्ये प्रस्ताव टेबल करणं म्हणजे चर्चेला आणणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा मोठा वाद झाल्याचं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय, दोघांना हवं होतं एकच! किंवा क्वाइट गुड. अमेरिकन म्हणाला तर कौतुक, ब्रिटिश म्हणाला तर बऱ्याचदा "ठीक आहे" एवढंच. असलं एक उदाहरण घ्या आणि त्यावर रोल-प्ले करून घ्या.

वादाचे विषय थेट "तुझं मत काय" म्हणून अंगावर टाकू नका. राजकारण, धर्म असे विषय पुस्तकवाले टाळतात म्हणून ते मुद्दाम वर्गात आणायची काहींना हौस असते. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरावर ते ओढवलेलं असेल, तुम्हाला माहीत नसतं. मी बाजू वाटून देते, स्वतःचं मत कुणाला विचारत नाही.

आणि गप्पा रंगल्या म्हणजे तास झाला असं समजू नका, प्लीज. मुलं पुढे सरकत नाहीत ती याचमुळे. चर्चा चालू असताना मी मागे बसून वहीत दोन रकाने करते, डावीकडे ते काय म्हणाले आणि उजवीकडे त्याहून नेमकं काय म्हणता आलं असतं. परवा डावीकडे 'पीपल आर अगेन्स्ट इट' अकरा वेळा होतं. उजवीकडे लिहिलं 'इट हॅज मेट विथ स्टिफ रेझिस्टन्स'. शेवटची पंधरा मिनिटं फक्त या वहीची, चर्चा कितीही रंगात असली तरी तोडते.

बातमी शिळी झाली म्हणून कागद फेकून देता का? देऊ नका. तो 2019 चा लेख माझ्याकडे अजून आहे. त्यात लिहिलंय की ब्रिटन 29 मार्चला बाहेर पडणार. प्रत्यक्षात बाहेर पडला 31 जानेवारी 2020 ला. 'इज ड्यू टू लीव्ह'चं 'वॉज ड्यू टू लीव्ह' कधी होतं, 'वॉज टू हॅव लेफ्ट' का म्हणतात, हे मी आता त्याच दोन पानांवर शिकवते, नकाशा न काढता.