ग्राफिक्स कार्ड आज घ्यावे की नव्या पिढीसाठी थांबावे?

ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला नागपुरातील सीताबर्डीच्या दुकानापर्यंत पोहोचण्याआधीच कोणीतरी सांगतो, की नवे कार्ड येणार आहे, जरा थांबा. हा सल्ला चुकीचाच असतो असे नाही. पण तो वर्षाचे बाराही महिने दिला जातो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर निर्णय घेता येत नाही.

अडचण खरोखर कार्डाचीच आहे का, हे आधी तपासावे. नेहमीचा गेम किंवा व्हिडिओ संपादन चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा आणि जीपीयूचा, म्हणजे कार्डावरील मुख्य चिपचा, वापर व त्याची स्वतंत्र मेमरी किती भरली आहे, हे पाहावे. वापर सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर कार्ड कमी पडत आहे. तो निम्म्यावरच रेंगाळत असेल आणि प्रोसेसर मात्र पूर्ण दाबलेला असेल, तर कार्ड बदलून फारसा फरक पडणार नाही. मेमरी काठोकाठ भरत असेल, तर तेवढ्याच मेमरीचे कार्ड कितीही नवे असले तरी ती अडचण दूर करणार नाही.

त्यानंतर बाजारातील सध्याच्या पिढीचे वय मोजावे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स २० मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये, ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५ च्या अखेरीस आली. म्हणजे दोन पिढ्यांत दोन ते सव्वादोन वर्षांचे अंतर पडत आले आहे. पण या तारखा सर्वांत महागड्या कार्डांच्या आहेत, हे बहुतेक जण विसरतात. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये विक्रीला आले, तर मध्यमवर्गीय घरात परवडणारे आरटीएक्स ४०६० जून २०२३ च्या अखेरीस, म्हणजे आठ महिन्यांहून अधिक काळाने आले. ५० मालिकेतही ५०९० जानेवारीत आले आणि ५०६० साठी मे महिना उजाडला. म्हणून ज्याचे अंदाजपत्रक तीस-पस्तीस हजारांचे आहे, त्याने नव्या मालिकेच्या घोषणेची तारीख न धरता त्यापुढचे चार ते नऊ महिने धरावेत. या एका हिशेबाने अनेकांचा निर्णय तिथल्या तिथे होतो.

थांबून हाती काय पडते, याचा अनुभवही एकसारखा नाही. चिप बनवण्याची प्रक्रिया बदलते, तेव्हा मोठी उडी मिळते: ३० मालिका सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर होती आणि ४० मालिका तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीच्या अधिक सूक्ष्म, ५ नॅनोमीटर घराण्यातील प्रक्रियेवर गेली, त्यामुळे विजेची बचत ठळकपणे दिसली. ५० मालिका जवळजवळ त्याच प्रक्रियेवर राहिली, म्हणून बऱ्याच कार्डांच्या मूळ वेगातील वाढ मर्यादित ठरली आणि दोन मूळ चित्रांच्या मध्ये एकाहून अधिक कृत्रिम चित्रे (फ्रेम) तयार करणाऱ्या नव्या सुविधेवर भर दिला गेला. मेमरीच्या बाबतीत तर आरटीएक्स ३०६० मूळ स्वरूपात १२ जीबीचे होते, तर ४०६० आणि ५०६० ही दोन्ही कार्डे ८ जीबीची आहेत. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जड दृश्ये रेंडर करणाऱ्या, म्हणजे त्यांची अंतिम चित्रे तयार करणाऱ्या, ज्या विद्यार्थ्याने अधिक मेमरीच्या आशेने या कार्डांची वाट पाहिली, त्याच्या पदरी निराशाच आली. माझे स्पष्ट मत असे आहे, की आज नवे कार्ड घेणाऱ्याने शक्यतो १२ किंवा १६ जीबीच पाहावे. ५०६० हून वेगवान असलेले ५०६० टीआय हे ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळते, त्यामुळे बिलावर तो आकडा लिहिलेला आहे याची खात्री करावी.

नवे आले की जुने स्वस्त होईल, ही अपेक्षाही नेहमी पूर्ण होत नाही. नव्या मालिकेआधी कंपन्या जुन्याचे उत्पादन आटोपते घेतात. २०२४ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० चा साठा आटला आणि भाव उतरण्याऐवजी चढले. उलट सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग (गणिते सोडवून चलन मिळवणे) बंद झाले, तेव्हा वापरलेली कार्डे बाजारात मोठ्या प्रमाणावर आली. परदेशातील किंमत रुपयांत बदलून समाधान मानणेही योग्य नाही: आरटीएक्स ५०७० ची जाहीर किंमत ५४९ डॉलर होती, तर भारतात ती ५९,००० रुपये होती, कारण येथे १८ टक्के जीएसटीही द्यावा लागतो.

आता थांबण्याची किंमत मांडावी. लग्नाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्या व्यावसायिकाचे काम तुळशीच्या लग्नानंतर वाढते. त्याने दिवाळीपूर्वी कार्ड घेतले, तर हंगामाचे उत्पन्नच त्याचा बराचसा खर्च भरून काढते, आणि जानेवारीतील घोषणेसाठी थांबला तर ऐन लग्नसराई जुन्या यंत्रावर काढावी लागते. ज्याला केवळ सुटीत गेम खेळायचे आहेत आणि ज्याचे सध्याचे कार्ड चालते आहे, त्याने पिढी दोन वर्षांची होत आली असेल तर खुशाल थांबावे. थांबायचे ठरवले, तरी दिनदर्शिकेवर एक तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी नागपुरात जे मिळत असेल, त्यातून निवड करावी.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचा विचार वेगळा करायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. पंखे त्याच गतीने फिरत असतील तर खोलीचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच कार्डाचेही वाढते. म्हणून २५ अंशांच्या खोलीत ६८ अंशांवर चालणारे कार्ड येथे ८३ च्या घरात जाते आणि स्वतःचा वेग कमी करू शकते. ११५ वॅटचे ४०६० किंवा १४५ वॅटचे ५०६० हे सहन करते. २५० वॅटच्या ५०७० साठी मात्र हवेशीर कॅबिनेट आणि पुरेशा क्षमतेचा पॉवर सप्लाय यांचा खर्च आधीच धरावा. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण ती दमट हवा धुळीसह आत बसते.

जुने कार्ड घेत असाल, तर ते भर दुपारी विक्रेत्याच्याच यंत्रावर निदान अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहावे. तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरील ठिपके यांवर लक्ष ठेवावे. कार्डावरील सिरियल क्रमांक मूळ बिलाशी जुळतो का आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, याची पैसे देण्यापूर्वीच कंपनीकडे चौकशी करावी.