‘मिझरबल’ म्हणजे नुसतं दुःखी नव्हे: या चुका टाळा

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘मिझरबल’समोर ‘दुःखी, कष्टी’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. पण तेवढ्यावर विसंबून वाक्य केलं की ऐकणारा गोंधळतो, कारण रोजच्या बोलण्यात हा शब्द आपल्या ‘बेजार’च्या जास्त जवळ आहे. सर्दीने बेजार, पावसाने बेजार, साहेबाच्या कटकटीने बेजार, या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत मिझरबल बिनदिक्कत चालतो. आणि त्याचं नाम ‘मिझरी’ म्हणजे ‘हाल’. लोकल बंद पडली की आपली वर्तमानपत्रं ‘प्रवाशांचे हाल’ असा मथळा देतात. तशाच बातमीला इंग्रजी मथळा ‘मिझरी फॉर कम्यूटर्स’ असा असतो. बेजार आणि हाल एवढे दोन शब्द डोक्यात ठेवले तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

आधी उच्चार. आपल्याकडे सर्रास ‘मिसरेबल’ ऐकू येतं. मधला ‘एस’ हा ‘स’ नाही; ‘जरा’ किंवा ‘जहाज’मधल्या ‘ज’च्या जवळचा आवाज आहे. जोर पहिल्या ‘मि’वर, आणि शेवटी ‘एबल’ नाही, नुसतं ‘बल’. ‘व्हेजिटेबल’, ‘कम्फर्टेबल’ म्हणायची सवय इथेही आडवी येते. मिझरीला ‘मिसरी’ म्हणणाऱ्यांनी तर फारच जपावं. ‘माय मिसरी इज इनक्रीझिंग’ ऐकून आमच्या गावाकडच्या आजीने दात घासायची डबी पुढे केली असती.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘आय ॲम फीलिंग मिझरी’. तिचं मूळ आपल्या व्याकरणात आहे. मराठीत दुःख ‘होतं’, भूक ‘लागते’, थंडी ‘वाजते’. भावना ही बाहेरून येऊन ‘मला’ भेटणारी वस्तू असते. इंग्रजीत माणूस स्वतःच हंग्री असतो, कोल्ड असतो, तसाच तो मिझरबल असतो. म्हणून ‘आय फील मिझरबल’ किंवा ‘आय ॲम मिझरबल’. कारण सांगायचं तर पुढे ‘अबाउट’ लावा: ‘शी इज मिझरबल अबाउट लीव्हिंग पुणे’. ‘मिझरबल ऑफ’ नाही, आणि ‘व्हेरी मच मिझरबल’ही नाही, नुसतं ‘व्हेरी’ किंवा ‘सो’ पुरतं. कोणी दुसऱ्याने बेजार केलं असेल तर ‘ही गिव्ह्ज मी मिझरी’ म्हणू नका. ‘ही मेक्स मी मिझरबल’ म्हणा. जगणंच नकोसं केलं असेल तर ‘ही मेड माय लाइफ अ मिझरी’ हे ब्रिटिश वळण. अमेरिकन माणूस तिथे ‘माय लाइफ मिझरबल’ म्हणेल.

आता जरा नाजूक भाग. ‘ही इज मिझरबल’ म्हणजे बिचारा बेजार आहे. ‘ही इज अ मिझरबल मॅन’ म्हणजे मात्र बहुतेकदा तो दुर्मुखलेला, किरकिऱ्या, तुसडा माणूस आहे. शब्द तोच, नामाच्या आधी येऊन बसला आणि सहानुभूतीची शिवी झाली. शेजारणीचा मुलगा परदेशी गेला म्हणून ती खचली असेल, आणि तुम्ही कळवळून ‘शी इज अ मिझरबल वुमन’ म्हणालात, तर ते तिच्या कानावर न गेलेलंच बरं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर याच शब्दाचा अर्थ ‘कंजूस’ असाही होतो. त्यात नवल नाही. लॅटिनमधला ‘मिसेर’ म्हणजे दीनवाणा, त्याच्यापासूनच इंग्रजीतला ‘मायझर’ आला, आणि मायझर म्हणजे चिक्कू माणूस. दुःखी माणसाला मायझर म्हणणं हीसुद्धा आपल्याकडची नेहमीची चूक. त्याने जन्मभर मित्रांना चहा पाजलेला असतो आणि आपण त्याला कवडीचुंबक ठरवतो.

कोणी वारलं असेल तर हा शब्द बाजूलाच ठेवा. ‘आय ॲम मिझरबल बिकॉझ ऑफ युवर फादर्स डेथ’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण शोकाला ते तोकडं पडतं आणि सगळं लक्ष तुमच्या स्वतःच्या बेजारीकडे वळवतं. तिथे ‘आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस’ म्हणायचं. सॉरी म्हणजे माफी आणि लॉस म्हणजे धंद्यातला तोटा हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून हे वाक्य लिहिताना अनेकांचा हात अडखळतो. अडखळू नये. इथे सॉरी म्हणजे हळहळ.

उलट टोकाची चूक म्हणजे वैतागलो की लगेच ‘आय ॲम डिप्रेस्ड’. बोलताना इंग्रजही तसं म्हणतात, पण नैराश्य हा आजार आहे, आणि डॉक्टर तो ठरवताना लक्षणं किमान २ आठवडे टिकली आहेत का हे बघतात. दोन दिवसांच्या तापाला मिझरबल पुरेसा आहे. खरंच नैराश्य असेल तर मात्र मिझरबलच्या आड लपू नका, डॉक्टरांना नीट सांगा.

‘फेल्ड मिझरबली’ म्हणजे दुःखाने नापास झाला असं नव्हे, सपशेल आपटला. ‘अ मिझरबल फाइव्ह हंड्रेड रुपीज’ म्हणजे जेमतेम, तुटपुंजे पाचशे. पाचशे असूनही आधी ‘अ’ लागतो, तो गाळू नका.

‘पुट मी आउट ऑफ माय मिझरी’ हा प्रयोग जपून वापरायचा. निकाल हातात घेऊन मित्र गालात हसतोय, तेव्हा हे वाक्य फक्कड: ‘आता ताणू नकोस, सांगून टाक.’ पण त्याचा मूळ अर्थ तडफडणाऱ्या जनावराला एकदाचं मारून सोडवणं असा आहे. दवाखान्यात अंथरुणाला खिळलेल्या काकांबद्दल नर्सला ‘प्लीज पुट हिम आउट ऑफ हिज मिझरी’ म्हणालात, तर तुम्हाला वेदनेवरचं औषध हवं होतं हे तिला पटवायला बराच वेळ लागेल.

राहता राहिली हवा. इंग्लंडमध्ये नवा गेलेला आपला माणूस लिफ्टमध्ये उभा असतो. बाहेर दिवसभर कुंद, रिपरिप चालू. शेजारचा म्हातारा म्हणतो, ‘मिझरबल, इझन्ट इट?’ आपला माणूस दचकून उत्तर देतो, ‘नो नो, आय ॲम व्हेरी हॅपी हिअर!’ म्हातारा पावसाबद्दल बोलत होता. तिथे ओली छत्री झटकत एवढंच म्हणायचं: ‘इट इज, इझन्ट इट?’