आधी जाळी, मग झाड: हरणांसाठी फळझाडं लावण्याची तयारी

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात थोडं रान विकत घेतलं की सफरचंदाची रोपं मागवायची घाई होते. रोपांआधी तारेची जाळी आणा. शिकारीच्या दिवसांत हरणं यावीत म्हणून झाड लावायचं आणि पहिली काही वर्षं ते हरणांपासूनच राखायचं, असा हा उफराटा उद्योग आहे. कोवळा शेंडा एका रात्रीत फस्त होतो. तो वाचलाच, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात नर शिंगं घासून बुंध्याची साल उतरवतो. म्हणून दर झाडामागे पाच फूट उंच वेल्डेड जाळीचं चार-पाच फूट व्यासाचं कडं आणि ते धरायला लोखंडी खांब, एवढं सामान कोठारात येऊन पडलं पाहिजे. बुंध्याभोवती बारीक छिद्रांची वेगळी जाळी लागते. बर्फाखालून येणारे व्होल नावाचे उंदीर साल गोल कुरतडतात आणि झाड मेल्याचं वसंतातच कळतं. फांद्या हरणाच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत कडं काढायचं नाही. याच कारणासाठी बुटक्या खुंटावरचं (खुंट म्हणजे कलमाखालचं मुळांचं झाड) कलम इथे कामाचं नाही. अँटोनोव्का किंवा एमएम-१११ अशा उंच वाढणाऱ्या खुंटावरचं मागा.

जागा ठरवताना आधी मचाणाचा विचार करा, मग झाडांचा. वारा झाडांकडून तुमच्याकडे यायला हवा, म्हणजे तुमचा वास हरणांना लागत नाही. शिकारीच्या दिवसांत तो बहुधा वायव्येकडून येत असेल तर मचाण आग्नेयेला, आणि तिथे जायची वाट झाडांमधून नको. शेजारी वस्तीचं घर असेल तर अंतर मोजा: तिथे राहणाऱ्यांची परवानगी नसेल तर घरापासून बंदुकीला १५० यार्ड आणि धनुष्याला ५० यार्ड सोडावे लागतात. छोट्या तुकड्यात बंदुकीचा बेत इथेच संपतो. काळ्या अक्रोडापासून सफरचंद पन्नास-साठ फूट तरी दूर ठेवा, त्याच्या मुळांतलं द्रव्य सफरचंदाला मारतं. खोदण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. माती तपासणीचं किट काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे कृषी विस्तार कार्यालयात मिळतं. सफरचंदाला मातीचा सामू (पीएच) साधारण ६ ते ७ चालतो, चेस्टनट या कवचफळाच्या झाडाला आम्ल माती हवी. त्यामुळे सगळ्या रानात सरसकट चुना फेकू नका.

आता काय लावायचं. चवीपेक्षा फळ कधी गळतं हे बघा, कारण ऑगस्टमध्ये गळणारं सफरचंद शिकाऱ्याच्या उपयोगाचं नाही. इथे धनुष्याचा हंगाम बहुतेक भागांत ऑक्टोबरात आणि रायफलचा थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) शनिवारी सुरू होतो. चेस्टनट सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत गळतो, म्हणजे धनुष्यवाल्यांचा. मूळ अमेरिकन चेस्टनट १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिसलेल्या बुरशीने जवळजवळ संपवला, म्हणून चिनी किंवा संकरित जात घ्या, आणि परागीभवनासाठी किमान दोन झाडं. रायफलच्या हंगामासाठी पर्सिमन. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं हे झाड. काही झाडांची फळं थंडी पडल्यावरही फांदीला लटकून असतात. नर-मादी झाडं वेगळी असल्यामुळे बी न लावता मादीचं कलम घ्या. नाशपातीत कीफर उशिरा पिकतो आणि काटक आहे. कॅलरी (Callery) नावाची शोभेची नाशपाती मात्र नको, तिच्या विक्रीला या राज्यात बंदी आहे.

ओकसाठी खड्डे खणण्याआधी रानात उभा असलेला पांढरा ओक शोधा. त्याचं फळ त्याच वर्षी पिकतं, लाल ओकपेक्षा तुरटपणा कमी, आणि हरणं तेच आधी उचलतात. नवीन लावलात तर फळ बघायला वीसेक वर्षं थांबा. त्यापेक्षा जुन्या ओकच्या डोक्यावर ऊन अडवणारी फालतू झाडं तोडा. माझ्या मते अख्ख्या बेतातलं हे सगळ्यांत स्वस्त आणि हमखास काम आहे, तरी ते कुणी करत नाही.

कागदपत्रं आणि बाकीची तयारी हंगामाआधीच उरका: हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) कोर्स, शिकारीचा परवाना, बंदुकीच्या हंगामासाठी २५० चौरस इंच चमकदार (फ्लुरोसंट) नारिंगी रंग दिसेल असं जाकीट. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे, म्हणून आधी परवाना. झाडाखाली आपोआप पडलेलं फळ चालतं, पण बाजारातून पोतंभर सफरचंद आणून ओतलीत तर राज्याच्या बहुतेक भागांत ते आमिष ठरतं आणि दंड होतो. हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे.

उघड्या मुळांची रोपं हिवाळ्यात नोंदवून ठेवा, चांगल्या जाती लवकर संपतात. आली की मुळं काही तास पाण्यात ठेवा, कलमाचा सांधा मातीच्या वर राखा, खड्ड्यात खत घालू नका, बुंध्याभोवती तीन फूट गवत मारून आच्छादन टाका, पण ते सालीला टेकू देऊ नका. जाळी त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत. जातीचं नाव आणि वर्ष ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून ती जाळीला बांधा. खोडाला बांधलेली तार झाड जाड झालं की सालीत रुतते.