फाईल जारमध्ये आहे, तरी मिळत नाही: मॉड्यूलच्या कामातले माझे अकरा दिवस

जावा येतं, मेव्हन येतं, जार उघडून बघता येते, एवढं धरून चालतो. नवीन लागलात आणि जुनं सॉफ्टवेअर मॉड्यूलमध्ये न्यायचं काम गळ्यात पडलं असेल, तर वाचा.

सोलापुरात होटगी रोडला आमचं सहा जणांचं ऑफिस. चादर-टॉवेलवाल्यांचं बिलिंग करतो. सगळं जावा ८ वर. मॉड्यूल, म्हणजे आपल्यातलं बाहेरच्यांना काय द्यायचं ते स्वतः ठरवणारी जार, जावा ९ बरोबर सप्टेंबर २०१७ मध्येच आले, पण आमच्याकडे त्यांना हात लावायला बरीच वर्षं गेली. काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचे पाच शहाणे होते.

दोन दिवसांत कंपाईल झालं. मी सगळ्यांना चहा पाजला. तिसऱ्या दिवशी पावती छापायला गेलो तर नल पॉइंटर. पावतीच्या नमुन्याची एचटीएमएल फाईल सापडेना. जार उघडली, फाईल आत. स्पेलिंग बरोबर, सुरुवातीची तिरकी रेघ बरोबर. जारमधली फाईल वाचायला देणाऱ्या 'गेट रिसोर्स ॲज स्ट्रीम'ला फाईल मिळाली नाही की ते गुपचूप नल देतं, आणि बोंब उठते ती भलत्याच ओळीवर.

क्लासपाथवर सगळ्या जारचा एकच ढीग असायचा. कुणीही कुठलीही फाईल मागावी, मिळायची. आमच्या कॉमन जारमध्ये फाईल वाचून देणारा एक क्लास होता, अख्खं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालायचं. मॉड्यूल झाल्यावर तो स्वतःच्या क्लासवरून मागायचा, म्हणजे फक्त कॉमनमध्येच शोधायचा. फाईल तर बिलिंगच्या मॉड्यूलमध्ये. मग मी बिलिंगचा क्लास त्याच्या हातात दिला, म्हटलं याच्यावरून माग. तरीही नल!

इथं माझे चार दिवस गेले, म्हणून सावकाश वाचा. क्लास बिलिंगचा दिला तरी मागणीची ओळ कॉमनमध्येच लिहिलेली आहे. जावा ती ओळ कुणाच्या घरातली ते बघतं. ज्या फोल्डरात फाईल आहे त्याचं नाव पॅकेज धरलं जातं, आणि बिलिंगने ते पॅकेज उघडलेलं नसेल तर कॉमन परका ठरतो. मी मॉड्यूल-इन्फोमध्ये, म्हणजे मॉड्यूलचे नियम लिहायच्या फाईलीत, 'एक्स्पोर्ट्स' लिहून मोकळा झालो. उपयोग शून्य. एक्स्पोर्ट्स क्लाससाठी असतं, फाईलसाठी 'ओपन्स' लागतं. परत सांगतो, ओपन्स.

त्यात डोकं फिरवलं ते लोगोने. लोगो सापडायचा, नमुना नाही! कारण लोगो जारच्या मुळाशी होता, आणि मुळाशी असलेल्या फाईलला हे कुलूप नसतं. मेटा-इन्फमधल्या फाईललाही नसतं. फोल्डरच्या नावात आडवी रेघ (हायफन) असेल तर ते नाव पॅकेजचं होऊच शकत नाही, म्हणून तीही सुटते. तेव्हा 'काही फाईली मिळतात, काही नाहीत' असं दिसलं तर घाबरू नका. तुम्ही वेडे झालेला नाही.

आमचे सीनियर एकच मंत्र द्यायचे, 'क्लीन करून परत बिल्ड मार बे.' मी मारला, किती वेळा ते विचारू नका. असल्या गुरूपेक्षा गुरू नसलेला बरा. मार्ग दाखवला इंटर्न मुलीने. 'दादा, हा क्लास कुठल्या मॉड्यूलचा ते छापून बघितलं का?' क्लासवर 'गेट मॉड्यूल' छापलं. माझ्या एडिटरमध्ये 'अननेम्ड मॉड्यूल' आलं. म्हणजे तिथं सगळं क्लासपाथवरच चालत होतं, म्हणून एडिटरमध्ये पावती निघायची आणि एडिटरबाहेर नाही. पहिल्याच दिवशी ही एक ओळ छापा.

शेवटी केलं ते एवढंच: बिलिंगनेच स्ट्रीम उघडायचा आणि कॉमनला नुसता वाचायला द्यायचा. स्वतःच्या मॉड्यूलमधली फाईल स्वतः मागितली तर कुणी अडवत नाही.

'ॲड ओपन्स'चा शॉर्टकट नेटवरून उचलू नका. मी उचलला होता. सुरू करायच्या कमांडला चिकटवला, पावती निघाली. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात त्यांच्या कॉम्प्युटरवाल्याने बॅच फाईल हाताने 'साफ' केली, आणि सोमवारी सकाळी ट्रक भरून उभा, पावती बंद. शिव्या मी खाल्ल्या.

जाता जाता मराठी फाईलींचं. जावा ९ पासून रिसोर्स बंडल प्रॉपर्टीज फाईल यूटीएफ-८ मध्ये वाचतं, म्हणून मी देवनागरी सरळ टाईप केली. पण 'प्रॉपर्टीज'च्या लोडला थेट स्ट्रीम दिला तर तो अजूनही आयएसओ-८८५९-१ धरतो. 'चादर'च्या जागी किडे-मुंग्या आले. यूटीएफ-८ सांगितलेला रीडर द्या, झालं.

अकराव्या दिवशी त्याच कारखान्यात पहिली नीट पावती निघाली. शेठजींनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, 'लोगो जरा मोठा करा की.'