रोटरी इंजिन कुरकुरलं की आधी काय बघायचं?

घरी बांधलेल्या विमानात माझदाचं १३बी रोटरी इंजिन बसवणारे बरेच जण त्रास सुरू झाला की थेट इंजिनच खोलायला बसतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच्या जागी फिरणारे दोन त्रिकोणी रोटर आणि क्रँकशाफ्टचं काम करणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट, एवढेच मोठे फिरते भाग. बिघडतं ते बहुतेकदा आजूबाजूचं. कूलिंग, इंधनाची लाइन, वायरिंग हा संसार विमानात आपणच नव्याने थाटलेला असतो, आणि संशय तिथूनच सुरू करायचा.

खोलण्याआधी

सुरुवात इग्निशनपासून. प्रत्येक रोटरला लीडिंग (मुख्य) आणि ट्रेलिंग (जोडीचा) असे दोन प्लग असतात. विमान पक्कं बांधून इंजिन मध्यम वेगात चालवा आणि एकेक जोडी (दोन्ही रोटरचे लीडिंग, मग दोन्हींचे ट्रेलिंग) बंद करा. ट्रेलिंग बंद केल्यावर आरपीएम थोडासाच उतरतो, लीडिंग बंद केल्यावर जास्त. उलटं दिसलं तर वायरी अदलाबदल झाल्यात. एक जोडी बंद करताच इंजिन अडखळू लागलं, तर चालू राहिलेल्या जोडीतला प्लग, कॉइल किंवा वायर तपासा.

गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही? रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापतो. इंधनाची लाइन त्याच्या जवळून गेली असेल तर आत वाफ धरते. लाइन दूर न्या, मधे उष्णतारोधक पत्रा बसवा.

थंड इंजिन नुसतंच फिरतंय, पेट घेत नाही, प्लग ओले निघतात, तर ते ‘फ्लड’ झालंय. जादा इंधनाने रोटरच्या सीलवरचं (फटी बंद ठेवणाऱ्या पट्ट्यांवरचं) तेल धुतलं जातं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतं. इंधन पंप आणि इग्निशन बंद करा, प्लग काढा, प्रॉपेलरपासून सगळ्यांना लांब ठेवून स्टार्टरने आतलं इंधन बाहेर उडवा. मग प्लगच्या छिद्रातून किंचित तेल सोडा, कोरडे प्लग लावून पुन्हा प्रयत्न करा. निरोगी इंजिन मेलं असं समजून खोललं जातं, ते बऱ्याचदा याच प्रकारात.

यानंतरही शंका उरली तर कॉम्प्रेशन. साध्या गेजमधली झडप काढून टाका, नाहीतर तो रोटरच्या तीन बाजूंच्या चेंबरपैकी (पोकळ्यांपैकी) फक्त सर्वांत चांगल्याचा आकडा धरून बसतो. स्टार्टर फिरवला की सुईने तीन सारख्या उड्या मारायला हव्यात. एकच उडी बुटकी असेल तर रोटरच्या सपाट बाजूवरच्या साइड सीलवर संशय घ्या. दोन बुटक्या असतील तर रोटरच्या टोकावरच्या एपेक्स सीलवर, कारण एक एपेक्स सील दोन चेंबरच्या मधे असतं. आकडा मात्र रोटरीसाठीच्या खास टेस्टरवरच घ्या. जुन्या १३बीला २५० आरपीएमवर ६ किलो प्रति चौ. सेंमी ही किमान मर्यादा आहे.

कूलंट कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सुरू करताना पांढरा धूर निघतो, तर हाउसिंगमधल्या (इंजिनाच्या कवचाच्या थरांमधल्या) कूलंट सीलनी दगा दिलाय. इथे खोलण्यावाचून इलाज नाही.

खोलल्यावर

प्रत्येक सील आणि स्प्रिंग नंबर घातलेल्या खणात ठेवा. जुने परत वापरायचे असतील तर ते आपापल्या खाचेतच जायला हवेत. रोटर हाउसिंगच्या आतल्या क्रोमचे पापुद्रे कडेला निघालेत का, प्लगच्या छिद्रापाशी तडा आहे का, तो भाग उजेडात बघा. बाजूच्या लोखंडी हाउसिंगवर सीलने पाडलेली पायरी ०.१० मिमीच्या वर गेली तर ते घासून सपाट करून घ्यावं लागतं, नाहीतर बदलावं लागतं. कूलंट सीलच्या खाचांची भिंत गंजून तुटली असेल तर नवी रिंगही टिकत नाही. इथे काटकसर नको: रबरी भाग सगळे नवे.

जोडणी उभ्याने होते, पुढचं हाउसिंग खाली ठेवून. रोटरमधली सीलं आणि ओ-रिंग जागेवर राहाव्यात म्हणून व्हॅसलीन लावतात. मधलं हाउसिंग चढवताना शाफ्ट साधारण २५ मिमी वर उचलावा लागतो. दुसरा माणूस हवाच. सगळी हाउसिंग एकत्र धरणारे लांब बोल्ट आतून बाहेर असे नव्हे, मॅन्युअलमधल्या क्रमानेच, दोन-तीन टप्प्यांत, ३२ ते ३९ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

आता सगळ्यात फसवी जागा: शाफ्टच्या पुढच्या टोकाचं थ्रस्ट नीडल बेअरिंग. त्याच टोकाचा मोठा बोल्ट सैल असताना ते जागेवरून घसरतं, आणि आवळताच चिरडतं. म्हणून डायल गेजने शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) मोजा: ०.०४ ते ०.०७ मिमी. शून्य आला तर बेअरिंग अडकलंय, लगेच थांबा.

पहिल्यांदा सुरू करताना

विमानात बसवण्याआधी कूलंटच्या मार्गात रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून गळती बघा. इंधन, इग्निशन बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवा. पहिल्या काही मिनिटांचा धूर व्हॅसलीनचा असतो, घाबरू नका. तेलाचं तापमान पाण्याइतक्याच बारकाईने बघा. या इंजिनाची बरीचशी उष्णता तेलच वाहून नेतं आणि छोटा ऑइल कूलर हा नेहमीचा गुन्हेगार.

सीलना तेल पुरवणारा मीटरिंग पंप काढून टाकला असेल तर सीलच्या वंगणासाठी टू-स्ट्रोक तेल इंधनात मिसळायला विसरू नका. पहिल्या रनिंगनंतर ऑइल फिल्टर कापून उघडा. तुटलेल्या एपेक्स सीलचे तुकडे एक्झॉस्टमधून निघून जातात, फिल्टरमध्ये सहसा सापडत नाहीत. तिथे तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग घासतंय, आणि उड्डाण रद्द.