मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी वजन वाढतंय? गोळी न सोडता काय काय करता येतं

ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट, लिथियम, मिर्टाझापिन, यातली एखादी गोळी तुम्हाला किंवा घरात कुणाला चालू असेल आणि दोन-तीन महिन्यांत कपडे बसेनासे झाले असतील तर हे तुमच्यासाठी लिहितीये. मी सांगलीची, बायपोलरसाठी बरीच वर्षं औषधं घेतीये. डॉक्टर नाही, त्यामुळं डोस किती घ्यायचा ते मी सांगणार नाही, पण डॉक्टरांपुढं काय मांडायचं आणि घरी काय करायचं ते सांगू शकते. आणि सगळ्यात आधी हे, की वजनापायी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आपल्याकडं कितीतरी जण करतात, कुणाला न सांगता गोळी उशीखाली सरकवतात, काही दिवस, कधी काही महिने बरे जातात आणि मग झोप उडते, संशय सुरू होतो नाहीतर अंथरुणातनं उठवत नाही, आणि परत अॅडमिट. वाढलेलं वजन उतरवता येतं, पण आजार उलटला की नोकरी, कॉलेजचं वर्ष, ठरलेलं लग्न, काय काय हातचं जाईल सांगता येत नाही.

आता वजन का वाढतं ते समजून घ्या, म्हणजे स्वतःला खादाड म्हणणं तरी थांबेल. यातल्या बऱ्याच गोळ्या मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर, म्हणजे त्यांचा निरोप पकडणाऱ्या जागा, अडवतात, त्यानं भूक भडकते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत उशिरा पोचतो. शिवाय सुस्ती येते, हालचाल कमी होते, शरीर साखरही नीट वापरत नाही. जेवून अर्धा तास झाला नाही तोवर परत काहीतरी हवं असतं, आणि साधं नाही, गोड किंवा तळलेलंच. मला ओलान्झापिन होती तेव्हा रात्री एकला जाग यायची आणि ओट्यापाशी उभं राहून अंधारातच भडंगाच्या डब्यात हात जायचा, सकाळी डब्याच्या तळाशी नुसते कढीपत्त्याचे तुकडे आणि दोन जळके शेंगदाणे उरलेले असायचे. ही भूक औषधाची असते. नुसत्या निग्रहावर ती आवरत नाही, म्हणूनच त्यावर उपाय औषधाच्या बाजूनंही करावा लागतो आणि खाण्याच्या बाजूनंही.

सगळ्या गोळ्या सारख्या वजन वाढवत नाहीत. सगळ्यात जास्त ओलान्झापिन आणि क्लोझापिन, मधोमध क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन, आणि बऱ्यापैकी कमी अॅरिपिप्राझोल, लुरासिडोन. डिप्रेशनच्या गोळ्यांत मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, पॅरॉक्सेटिन यांच्यावर लक्ष ठेवायचं, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन त्या मानानं बरे. पण म्हणून मेडिकलमध्ये जाऊन "ती वजन न वाढवणारी द्या" असलं काही करू नका. क्लोझापिन तर बऱ्याचदा बाकीच्या गोळ्यांनी गुण आला नाही म्हणूनच दिलेलं असतं, तिथं बदलाला फारशी जागाच नसते.

मोजायला पहिल्या आठवड्यापासूनच लागा. आठवड्यातनं एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर चहाच्या आधी, एकाच काट्यावर. घरी काटा नसेल तर दर वेळी त्याच मेडिकलवाल्याकडं जा. आकडा कॅलेंडरवरच लिहायचा, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिला तरी चालेल. कंबर शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या पातळीवर मोजायची, आपल्याकडं पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ धरतात. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के वाढ पहिल्या महिन्यातच झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो वाढलं, तर पुढं आणखी बरंच वाढण्याची शक्यता असते, तेव्हा पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. बायकांना तर काट्याच्या आधी ब्लाऊज सांगतो, माझ्या टेलर काकूंनी आतली एक शिलाई उसवून दिली आणि महिन्याभरात दुसरी उसवायला घेतली तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता आत मार्जिनच उरलं नाही गं, डॉक्टरला दाखव." खरंच, तेवढ्यावर जायला पाहिजे.

वजनाबरोबर रक्त. औषध सुरू करताना उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि बीपी बघितलेलं असावं, तीन महिन्यांनी परत, आणि पुढं निदान वर्षाला एकदा. कुणी सांगितलं नसेल तर आपण विचारायचं. सांगली-मिरजेत लॅबला काही तोटा नाही, सिव्हिलमध्ये तर खर्चही फारसा येत नाही.

ओपीडीत काय होतं हे सगळ्यांना माहितीये, बाहेर पन्नास माणसं, आत पाच मिनिटं, डॉक्टर विचारतात "कसंय?" आणि आपण म्हणतो "बरंय", झालं. त्याऐवजी चिठ्ठी लिहून न्या आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला: "डॉक्टर, गोळीनं झोप आणि विचार दोन्ही सुधारलेत, पण महिन्यात ३ किलो वाढलंय, हे बघा आकडे, यावर काय करता येईल?" मग तीन प्रश्न. डोस कमी होऊ शकतो का, दुसरी गोळी चालेल का, आणि मेटफॉर्मिन देता येईल का. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी, पण या औषधांनी वाढणारं वजन रोखायला मानसोपचारतज्ज्ञ ती वापरतात आणि तिचा उपयोग होतो हे अभ्यासांतनं दिसलेलं आहे, मात्र किडनीची तपासणी करून आणि डॉक्टरांनी दिली तरच, सुरुवातीला पोटही बिघडतं. हल्ली सगळेजण वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल विचारतात, तेही डॉक्टरांनाच विचारा. लिथियम चालू असेल तर जास्तच जपून, कारण त्या इंजेक्शनांनी उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी पडलं तर लिथियम रक्तात चढतं. आणि सकाळी शेक पाजणारे क्लब, चरबी वितळवायचं चूर्ण, काढे, यांच्या डब्यात नक्की काय आहे आणि ते आपल्या गोळ्यांशी जुळेल का हे विकणाऱ्यालाही माहिती नसतं. डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका.

खाण्याचं सांगते. डाएट वगैरे नाव दिलं की चार दिवसांत मोडतं, म्हणून एकेक गोष्ट धरा, आणि पहिली धरा ती चहा. आपल्या भागात चहा म्हणजे पाक, दिवसात पाच-सहा कप सहज होतात आणि कपाला दोन चमचे धरले तर दहा-बारा चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, तीही पोट न भरता. त्यात गोळीनं तोंड कोरडं पडतं म्हणून कुणी कोल्ड्रिंक पितं, कुणी ऊसाचा रस. तोंड कोरडं असेल तर साध्या पाण्याचे घोट, चिमूटभर बडीशेप, ताक. ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, कांदा-काकडी आधी, भात शेवटी आणि थोडा. पहिलं वाढून झालं की वीस मिनिटं थांबायचं, निरोप उशिरा पोचतो ना म्हणून, तरीही भूक वाटली तर घ्या. रात्रीच्या भुकेला "खायचंच नाही" म्हणून चालत नाही, हाताला काय लागतं ते बदला. भडंग, फरसाण, पाहुण्यांनी आणलेले कंदी पेढे हे घरात असलेच तर वरच्या फळीवर, आणि खाली फुटाणे, उकडलेली मटकी, काकडी, एखादं उकडलेलं अंडं.

यात घरच्यांचा हात सगळ्यात मोठा. माझी आई म्हणायची, "आजारातनं उठलीयेस, दोन घास जास्त खा की गं." आईचं ते प्रेम असतं, पण तिला नीट बसून सांगावं लागतं की आई, ही भूक गोळीची आहे, तू आग्रह करू नकोस, मी मागितलं तरी आधी काकडी दे. माझ्या आईनं तेव्हापासून तुपाचा डबाच ताटापासून लांब ठेवला. आणि लग्नाकार्यात आत्या-मावश्या म्हणणारच, "काय गं, सुटलीस की!" त्यावर "औषध चालू आहे, डॉक्टर बघतायत" एवढं म्हणून पुढं व्हायचं, कुठलं औषध हे सांगायला आपण बांधील नाही.

चालण्याबद्दल एक सांगते, रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहते, तेव्हा पहाटे पाचला उठायचा नेम करू नका, तो मोडतो आणि मग सगळंच सुटतं. संध्याकाळी चाला. सांगलीत कृष्णेचा घाट आहे, आमराई आहे, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा चढ आहे पण तो नंतर, पहिले काही आठवडे आपली गल्ली आणि चौक पुरे. जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाललं तरी साखरेला फायदा होतो. कुणालातरी बरोबर घ्या, दादाला, वहिनीला, शेजारच्या काकांना, कारण डिप्रेशनमध्ये चप्पल घालणं हेच सगळ्यात अवघड असतं. सकाळची गुंगी फारच असेल तर गोळी रात्री थोडी लवकर घेतली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारा, बऱ्याच जणांना त्यानं फरक पडतो.

वजन सोडून बाकीचं. अंथरुणातनं उठताना चक्कर येत असेल तर आधी बसा, पाय खाली सोडा, मिनिटभरानं उठा. बद्धकोष्ठाला इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, पण क्लोझापिनवाल्यांनी बद्धकोष्ठ हलक्यात घ्यायचं नाही, आतडं अडून जिवावर बेतू शकतं, दोन-तीन दिवस संडास झाली नाही तर डॉक्टर. क्लोझापिनवर ताप किंवा घसादुखी आली तर क्रोसिन घेऊन घरी बसू नका, त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी. त्याच गोळीनं रात्री लाळ गळते, उशीवर टॉवेल घाला आणि डॉक्टरांना सांगा, त्यावरही औषध आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तंबाखूच्या धुरानं क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातनं लवकर निघून जातात, त्यामुळं विडी अचानक सोडली की गोळी अंगात वाढते. सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून. हे धुरामुळं होतं, मिश्रीनं किंवा तंबाखू मळून खाल्ल्यानं नाही.

रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइडनं पाळी थांबू शकते, छातीतनं दूध येऊ शकतं. घाबरू नका, प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनची तपासणी करून घ्या. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, हे सर्ट्रालिन-एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळ्यांनी खूप जणांना होतं आणि कुणी बोलत नाही, नवराबायकोत उगाच गैरसमज होतात. तोंडानं बोलवत नसेल तर चिठ्ठीत लिहा. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या मुलीचं लग्न ठरत असेल तर मूल होऊ देण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे, बाळाला धोका असतो.

लिथियमवाल्यांनी निर्जळी उपास करायचे नाहीत, हरतालिका असो की एकादशी. पाणी किंवा मीठ कमी पडलं की लिथियम रक्तात वाढतं. जुलाब लागले, उन्हातानात वारीला चाललात, तरी तेच. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल विचारून घ्या. हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, तोल जाणं असं एकत्र दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखान्यात. लिथियमची लेव्हल शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी तपासतात, म्हणून त्या सकाळी गोळी खाऊन लॅबला जायचं नाही.

आणि हे घरच्यांसाठी. हॅलोपेरिडॉलसारखी गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत मान एकीकडं वाकडी होणं, डोळे वर जाणं, दातखीळ बसणं असं झालं की आपल्याकडं लगेच "लागीर झालं, बाहेरचं आहे" म्हणून देवऋषाकडं धरून नेतात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातसुद्धा. ते औषधानं स्नायू आखडलेले असतात, दवाखान्यात एका इंजेक्शननं थोड्याच वेळात सुटतात. तसंच माणूस बसलं की उठतो, उठलं की येरझाऱ्या, पाय ठरतच नाहीत, याला आजार वाढला समजून डोस वाढवून मागू नका, तोही गोळीचाच परिणाम असू शकतो, आणि इतका असह्य होतो की जीव द्यावासा वाटू शकतो, तेव्हा लगेच दाखवा. खूप ताप आणि अंग लाकडासारखं ताठ झालं, किंवा लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्या आधीच बंद केल्या असतील तर आजच फोन करा, रागावतील म्हणून लपवू नका. क्लोझापिन दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं असेल तर आधीचा पूर्ण डोस परत एकदम घ्यायचा नसतो, थोड्यापासून चढवावा लागतो, लॅमोट्रिजिनही पाच दिवसांपेक्षा जास्त चुकलं तर तसंच. डॉक्टर लागत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करताना गोळ्यांची रिकामी पाकिटं समोर ठेवा, नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांगता येतात.